हिरवी पिन, गुलाबी पिन

सोपानमामा कॉम्प्युटरला वायर जोडण्याआधी तिला विचारतात, "जाशील का बाई?" गेली तर "शाब्बास!" अडली तर बाहेर काढून फुंकर मारतात आणि पुन्हा विनवणी. "जोर लावायचा न्हाई मास्तर. यूएसबी दोनदा उलटी जाती, तिसऱ्यांदा सुलटी. तिचा सोभावच हाय त्यो."

शिरूरला आमची भिंतीला भिंत. सणसवाडीच्या कारखान्यात पॅकिंगला नोकरी करून मामा रिटायर झाले आणि जुना कॉम्प्युटर घेऊन बसले. प्रिंटर, कॅमेरा, कीबोर्ड, सगळं स्वतः जोडणार. दुसऱ्यानं हात पुढं केला की, "लांबून बघा!"

परवा सकाळी मात्र त्यांनीच मला हाक मारली. हैदराबादला त्यांची लेक बाळंत झाली होती. अकराला ती व्हिडिओवर नात दाखवणार होती. सरूमामींना दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं. कानातलं मशीन त्यांनी "किडा वळवळतोय" म्हणून डबीत टाकलेलं. म्हणून मामांनी मोठे हेडफोन आणि टेबलावरचा माइक आणला होता.

पडद्यावर लेकीचे ओठ हलत होते. आवाज नाही. मामींच्या कानाला हेडफोन, चेहरा कोरा.

"मामा, मी बघू?"

"थांबा, ती मानंल." त्यांनी पिन काढली, फुंकली, घातली. पाच वेळा. कपाळावर घाम आला.

"अहो, पिना उलट्या लागल्यात. हेडफोनची हिरवी पिन हिरव्या भोकात घाला, माइकची गुलाबी गुलाबीत."

मामांनी दोन्ही पिना माझ्या हातात दिल्या. मग हळूच म्हणाले, "मास्तर, मला दोन्ही राखाडीच दिसत्यात. कारखान्यात कुणाला कळू दिलं न्हाई. लाल-हिरवं लेबल असलं की शेजारच्याला बोलण्यात गुतवायचो आन् त्याचं बघून लावायचो."

मी पिना बदलल्या.

मामी दचकल्या. दोन्ही हातांनी हेडफोन घट्ट धरला. "रडती! रडती की वो!" आणि नात रडतेय म्हणून आजी खदाखदा हसायला लागली. मामांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचं बिल उडालं.

फोन संपला तरी मामी हेडफोन काढेनात. मी निघालो तर मामांनी बाही धरली.

"ह्या माइकातलं तिच्या कानात जाईल का? हितल्या हितं?"

सेटिंगमध्ये दोन ठिकाणी क्लिक केलं. "बोला आता."

मामा माइकपुढं वाकले. सवयीनं जोरात ओरडणार होते, पण थांबले. दोन वर्षं त्या घरातून आम्हाला फक्त ओरडणंच ऐकू यायचं. हल्ली तर तेही कमी झालं होतं.

अगदी हळू, कुजबुजल्यासारखं ते म्हणाले, "सरू, चहा टाकू का?"

मामींनी मान वर केली.

"टाका की," त्या म्हणाल्या. "आन् बोलत ऱ्हावा."