दौलतभाऊ आणि पहिल्या पाळीचे दिवे

आमचे खासदार दौलतभाऊ दिल्लीत असोत, लग्नात असोत की न्हाव्याच्या खुर्चीत, पहिली पाळी सुटली की खाणीच्या लॅम्प रूमला फोन करतात आणि एकच विचारतात, "दिवे आले का पुरे?" जमिनीखाली उतरणारा कामगार टोपीचा दिवा घेऊन जातो आणि वर आला की खुंटीला टांगतो. खुंटी रिकामी म्हणजे माणूस खालीच. उत्तर येईपर्यंत भाऊंचा चहा गार होतो आणि मी त्यांचा पीए, म्हणून माझाही.

युनियनच्या गेट मीटिंगा गाजवलेला माणूस. नागभीडला एका लग्नात त्यांनी नवरानवरीला एकजुटीचं आवाहन केलं, तर वऱ्हाडी मंडळींनी सवयीनं मुठी वर केल्या. ताडोबाचं जंगल मंगळवारी पर्यटकांना बंद असतं. तिथल्या मोहर्लीच्या कार्यक्रमात भाऊ म्हणाले, "वाघाले मंगळवारची सुट्टी भेटते, मंग आमच्या चौकीदाराले काऊन नाई?" वनखात्याच्या साहेबांना हसावं की लिहून घ्यावं ते कळेना.

मागच्या उन्हाळ्यात पक्षाचे मोठे नेते चंद्रपूरच्या विश्रामगृहात येऊन बसले होते. भाऊंना पुन्हा तिकीट द्यायचं की नाही, ते तिथेच ठरणार होतं. आम्ही निघालो आणि गाडीतूनच भाऊंनी फोन लावला. एक दिवा आला नव्हता. संतोष नावाच्या पोराचा. भाऊंनी गाडी खाणीकडे घ्यायला लावली. मी नेत्यांची आठवण करून दिली, तर म्हणाले, "त्याईले चहा पाजा म्हना."

खाणीच्या तोंडाशी संतोषची बायको येऊन बसली होती. शोधायला माणसं खाली उतरली. भाऊ तिच्याशेजारी मातीतच बसले. मला तर तिकीटही आठवेना.

मग संतोषच्या गावचा एकजण आला. त्याच्याकडून कळलं की आज गावच्या तलावात जाळं पडलंय. जाळं ओढायला जो हजर, त्यालाच मासोळीचा वाटा. आम्ही तिकडे धावलो. संतोष दिवा टांगायला न थांबता खाणीच्या मागच्या वाटेनं वर येऊन थेट तलावात उतरला होता. कमरेइतक्या पाण्यात जाळं ओढत होता आणि डोक्यावर टोपी, टोपीला दिवा तसाच.

भाऊ पांढऱ्या पायजम्यासकट पाण्यात शिरले. आता याला मार बसतो, असं मला वाटलं. त्यांनी त्याची टोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जा, पह्यले बायकोले तोंड दाखव."

परतताना मी भीत भीत सांगितलं, की नेते निघून गेले.  भाऊ ओला पायजमा पिळत होते.

"तुयी वहिनी गेल्यापासून मी कुठी पोचलो का नाई, हे कोनी विचारत नाई बे," ते म्हणाले. "तू एखांदा फोन करत जाशीन का?"