नऊ थेंबांची ट्रायल

दुसऱ्याचं औषध आधी स्वतः चाखून बघायचं, ही आमच्या शेजारच्या बबनअण्णांची खोड. वारूळवाडीत त्यांचं टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज होतं. "ट्रायल मारल्याबिगर गाडी सोडायची न्हाई," हा तिथला नियम त्यांनी माणसांनाही लावला. माझ्या लेकीचं खोकल्याचं औषध घेऊन ते भर ग्रामसभेत घोरले. एकदा तर मेंढरांचं जंताचं औषध घेतलं आणि दोन दिवस कुणाला दिसले नाहीत. मी लई बोलले. पण ऐकतील तर ते अण्णा कसले!

मागच्या वर्षी आईचा कॅन्सर हाडांत पसरला. तीन आठवडे तिला धड झोप नव्हती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून जुन्नरच्या वैद्यांनी थेंब लिहून दिले, भांगेच्या पानांपासून काढलेले. आई हबकलीच. साध्या चहालाही 'कडक झाला' म्हणणारी बाई ती. "मला गांजेकस करताय व्हय?" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड फिरवून पडली.

झालं, अण्णा खुर्ची घेऊन हजर. वैद्यांना फोन करून त्यांनी सगळी माहिती काढली होती.

"वैनी, ह्या औषधाला बसायला आपल्या अंगात आधीच जागा हायेत म्हणं. पावण्यासाठी पाट मांडून ठेवल्यागत."

आईला तीन थेंब सांगितलेले. अण्णांनी नऊ घेतले, का तर इंजिन मोठं!

दीड तासानं त्यांच्या तोंडाला कोरड पडली, तांब्याभर पाणी संपलं. मग भूक लागली. मी भाकरी थापतेय आणि अण्णा खातायत, पिठल्याबरोबर पाच गेल्या. मग आज दिवस लई लांबलाय म्हणत टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटकडं बघून गालातल्या गालात हसत बसले. त्यांचं ते ध्यान बघून आई हसली. किती महिन्यांनी हसली!

"दे गं मला," ती म्हणाली. "पण भावजींसारखं नको, सांगितलंय तेवढंच."

दुसऱ्या दिवशी अंगणात ऊन आलं तरी आई गाढ झोपलेली. मी घाबरून नाकापुढं हात धरला. श्वास संथ चालू होता. देवा, किती बरं वाटलं! तशीच अण्णांकडं पळाले. "आई झोपलीय, अण्णा! तुमचे उपकार कसे फेडू?" म्हणाले.

ते रस्त्यातच चपला काढून, पाऊल न वाजवता आले आणि आईच्या दारात उभे राहिले. झोपलेल्या आईकडं बघत. चहा विचारला तर हातानंच नको म्हणाले. त्यांची बायको, शांताकाकू, आम्ही इथं राहायला यायच्या आधीच ह्याच आजारानं गेलेली, एवढंच मला ठाऊक होतं.

"शेवटपत्तूर तिचा डोळा लागला न्हाई," अण्णा हळूच म्हणाले. "आमाला म्हाईतच नव्हतं, असं काय असतंय. एकदा शांताला अशी निजलेली बघायची व्हती."