खोडबाचा उशिरा पोचणारा ठोका

एका जंगलात, मुलांनो, सिंहाचं राज्य होतं. कोणतं जंगल ते विचारू नका. उगाच कुणाच्या तरी भावना दुखावतील.

त्या जंगलात खोडबा नावाचा सुतारपक्षी सरकारी नोकरीत होता. काम सोपं होतं. रोज उजाडलं की पाणवठ्याकाठच्या ऐनाच्या पोकळ झाडावर चोचीने तीन ठोके द्यायचे. पहिल्या ठोक्याला हरणांनी पाणी प्यायचं, दुसऱ्याला आटपायचं आणि तिसऱ्याला वाघ-बिबट्यांनी यायचं. त्या जंगलातली हरणं फार वक्तशीर होती.

नोकरीबरोबर खोडबाला क्वार्टरही मिळालं होतं. त्याच ऐनाच्या ढोलीत त्याची बायको सालूबाई तीन अंडी उबवत बसली होती. नोकरी गेली की ढोली खाली करायची, असा नियम होता. आता तीन अंडी बगलेत मारून नवं घर शोधायला निघणं काही पक्ष्याला जमत नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, कारण महाराज उशिरा उठत. पण वैद्यांनी त्यांना कोवळ्या उन्हात बसायला सांगितलं आणि घोटाळा झाला. महाराज टेकडीवर येऊन बसले. खाली बऱ्याच लांबवर पाणवठा दिसत होता. खोडबाचा लाल तुरा उन्हात चमकत होता. तुरा खाली गेला, पण आवाज काही आला नाही. महाराजांची पापणी दोनदा लवली, तेव्हा कुठे 'ठक' ऐकू आलं.

"हा ठोका आत्ता देतो आणि वाजवतो नंतर," महाराज म्हणाले. "मधल्या वेळात करतो काय?"

चौकशी मुंगूसरावांकडे गेली. मुंगूसराव मोठे कसून काम करणारे अधिकारी. ते थेट ऐनाखाली जाऊन उभे राहिले. तुरा खाली गेला आणि त्याच क्षणी ठोका वाजला. दुसऱ्या दिवशी ते टेकडीवरून बघत बसले. ठोका उशिरा आला. त्यांनी लगेच अहवाल लिहिला : 'साहेब जवळ असले की कर्मचारी वेळेवर काम करतो. साहेबांची पाठ वळली की चालढकल करतो.'

आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर ढोली खाली करा, अशी नोटीस आली. खोडबाच्या घशाखाली अळी उतरेना. जन्मात त्याने एक ठोका चुकवला नव्हता. तो धावत लटकेमास्तरांकडे गेला.

लटकेमास्तर म्हणजे शाळेतलं वटवाघूळ. विज्ञान शिकवत. त्यांनी उलटं लटकूनच सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसले.

"अरे खुळ्या, तळ्यात खडा टाकलास तर लाट लगेच काठाला लागते का? आवाजाचंही तसंच. हवेत लाट उठते आणि ती आपल्या चालीने जाते. उजेड मात्र निघाला म्हणेपर्यंत पोचलेला असतो. म्हणून टेकडीवरून तुझा तुरा आधी दिसतो आणि ठोका मागाहून ऐकू येतो. तुझा यात काडीचाही दोष नाही. चल, मी सांगतो दरबारात."

मास्तरांनी दरबारात हेच सांगितलं. चांगलं खड्या-लाटेचं उदाहरण देऊन सांगितलं. महाराजांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे आम्ही इथे गर्जना केली, तर ती पाणवठ्यावर उशिरा पोचते?"

"हो, महाराज. दोनदा पापणी लवेल इतक्या उशिरा."

"आणि तोवर खालच्यांना आमचा धाक नसतो?"

इथे शहाण्याने गप्प बसावं. पण मास्तर पडले शिक्षक. धडा अर्धा सोडायची सवय नाही.

"नसतो, महाराज. आणि खरं तर उजेडालाही वेळ लागतो. अगदी नगण्य, पण लागतो. त्यामुळे आत्ता आम्हाला जे महाराज दिसताहेत, ते थोडे आधीचे आहेत."

"म्हणजे आम्ही शिळे?" महाराज गरजले. या वेळी आवाज अजिबात उशिरा पोचला नाही.

मास्तरांना राजद्रोहाबद्दल टेकडीवरच्या वडाला कायमचं उलटं टांगण्याची शिक्षा झाली. ती त्यांनी मोठ्या धीराने भोगली.

खोडबा तोंड पाडून घरी आला. सालूबाईने सगळं ऐकलं आणि अंड्यांवरून न उठता म्हणाली, "अहो, मास्तरांचं म्हणणं खरं आहे ना? मग आपण आवाज आधी सोडू. मी ढोलीतून आतल्या बाजूला ठोकते. तुम्ही दोनदा पापणी लवू द्या आणि मग बाहेर नुसती मान हलवा."

"म्हणजे काम तू करणार आणि मान मी हलवायची?"

"घरात इतके दिवस तसंच चाललंय."

"पण ही लबाडी झाली गं," खोडबा म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं. आपला ठोका खणखणीत असतो याचा त्याला अभिमान होता.

"तीन अंडी आहेत," सालूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर तुरा आणि ठोका अगदी हातात हात घालून पोचले. महाराज खूश झाले. मुंगूसराव पुन्हा ऐनाखाली जाऊन आले. तिथे तर ठोका आधी वाजला आणि मान नंतर हलली. त्यांनी अहवालात लिहिलं : 'कर्मचारी आता इतका तत्पर झाला आहे की, कामाला हात घालण्यापूर्वीच ते पूर्ण झालेले असते.'

यथावकाश पिल्लं बाहेर आली, मोठी झाली आणि उडून गेली. खोडबाला आदर्श कर्मचारी ठरवून बढती मिळाली. पद होतं राजवेळ-सल्लागार. जागा टेकडीवर, महाराजांच्या शेजारी. राहायला मोहाचं प्रशस्त झाड. हुकुमात सालूबाईचा उल्लेख नव्हता, पण सामान तिनेच बांधलं.

खाली ऐनावर फांदोजी नावाचा नवा सुतारपक्षी आला. बिचारा सरळमार्गी. त्याची बायकोही ढोलीत अंड्यांवर बसली होती.

पहिल्याच सकाळी फांदोजीचा तुरा खाली गेला. महाराजांची पापणी दोनदा लवली. मग 'ठक' आलं.

महाराजांनी मान वळवली. "खोडबा, यातले तुम्ही जाणकार. हे असं का होतं?"

खोडबाला उत्तर माहीत होतं. ते त्याच्या चोचीपर्यंत आलंही. मग त्याने समोरच्या वडाकडे पाहिलं. लटकेमास्तर उलटे टांगलेले होते आणि त्याच्याकडेच बघत होते. शेजारच्या मोहावर बसलेल्या सालूबाईने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"कामचुकार आहे, महाराज," खोडबा म्हणाला. "आमच्या वेळी असं नव्हतं."

तात्पर्य : प्रामाणिकपणा लांबच्या साहेबापर्यंत नेहमीच जरा उशिरा पोचतो. म्हणून, मुलांनो, लबाडी थोडी आधी सुरू करावी. आणि परीक्षेत आवाजाचा वेग विचारला, तर लिहिण्यापूर्वी परीक्षक किती उंचावर बसलाय ते बघून घ्यावं.