जिन्याखालील संडास पाडिला आणि घर विकिले त्याची हकीकत

श्री वास्तुपुरुषास दंडवत करून आणि नगरकचेरीतील समस्त शिक्क्यांस दुरूनच हात जोडून मजकूर लिहितो तो ऐसा जे, शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, श्रावण वद्य पंचमीचे दिवशी राजश्री त्र्यंबकराव गुळवणी, चाळीस वर्षे शाळेत भूमिती शिकवून निवृत्त जाहाले, यांणी आपले दुमजली घर विकावयाची मसलत केली. कारण की, कुटुंब कुमुदिनीबाईसाहेब यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते आणि लेकीचे गावी तळमजल्याची जागा मिळत होती आणि दिवाळीपूर्वी घर न विकलिया ती दुसरियाकडे जाणार होती. मग जगन्नाथराव देवस्थळी नामे गिऱ्हाईक आले आणि घर पाहून बहुत संतोष पावले. परंतु ते कर्ज काढणार, सबब बँकेने आपला इंजिनीअर रवाना केला आणि तो टेप व मंजूर नकाशा घेऊन दाखल जाहाला आणि तेथून दुर्दशा सुरू जाहाली.

इंजिनीअराने नकाशा उलटा धरिला, सुलटा धरिला आणि पुसिले, "काका, जिन्याखाली हे काय?"

"संडास."

"नकाशात नाहीये."

"अहो, नकाशा काढला तेव्हा हिचे गुडघे चांगले होते!"

परंतु गुडघ्यांकरिता नकाशात जागा नव्हती. संडासाची भिंत बाजूच्या मोकळ्या जागेत हातभर पुढे गेली होती, तेही लिहून घेतले आणि कचेरीचा दाखला आणिल्याशिवाय कर्ज नाही म्हणोन सांगितले. मग त्र्यंबकरावांनी कचेरीवर पाच स्वाऱ्या केल्या. पहिलीस साहेब जागेवर नव्हते, दुसरीस साहेब होते आणि फाईल नव्हती, तिसरीस दोन्ही होती आणि वीज गेली, चौथीचे वर्णन लिहावयास लेखणी धजत नाही, आणि पाचवीस साहेब बोलिले, "पाडा आणि या. लगेच दाखला देतो." शेजारचे बापूसाहेब खाडिलकर यांस हे कळताच ते म्हणाले, "गुळवणी, खरंच कोण पाडतं हो? दारावर प्लायवूड ठोका, रंग मारा, फोटो द्या. आपल्या अख्ख्या कॉलनीनं तेच केलंय." त्यावर त्र्यंबकराव संतापून बोलिले, "मी खोटा फोटो देऊ? मी?" आणि येथेच घात जाहाला, ऐसे आमचे स्पष्ट मत आहे.

मग हणमंत गवंडी, ज्याने एकोणीस वर्षांपूर्वी तो संडास बांधिला, त्यासच पाडावयास बोलाविले. बाईसाहेब म्हणाल्या, "पाडा खुशाल. पण मी जायचं कुठं?"

"वरती. दाखला मिळेपर्यंतच गं."

"एकवीस पायऱ्या आहेत. मोजल्यात का कधी?"

हणमंताने भिंती पाडिल्या, परंतु संडासाचे भांडे सोडवून अंगणात पेरूखाली ठेविले आणि म्हणाला, "फोडत नाही सर. लागतं मागनं." आणि मग दाखला येईना. रोज चार वेळ बाईसाहेब पायरीपायरीवर बसत वर जात आणि तैशाच खाली येत, आणि त्र्यंबकराव खाली उभे राहून बघत आणि आपणावरच चरफडत. सत्ताविसावे दिवशी दाखला आला. घर नकाशाबरहुकूम आहे म्हणोन त्यावर तीन शिक्के होते.

दुसरे दिवशी देवस्थळी खरेदीखताचे बोलणे करावयास आपल्या मातोश्रींसह आले. मातोश्री काठी टेकीत जिन्याखाली गेल्या आणि म्हणाल्या, "जगू, इथला संडास कुठाय? त्याच्यासाठीच तर घर घेतोय ना आपण?"

"पाडला, आजी. कायद्याप्रमाणे," त्र्यंबकराव बोलिले.

"मग मी काय कायद्यावर बसू?"

देवस्थळी खजील होऊन म्हणाले, "सर, खरेदीखत करू. पण ताबा द्यायच्या आधी तेवढं परत बांधून द्या. बँकेचा माणूस काही आता पुन्हा बघायला येत नाही."

हे ऐकोन त्र्यंबकराव लालबुंद जाहाले, दाखला हातात नाचवून ओरडले, "मग सत्तावीस दिवस आमचे हाल कशाला केलेत? बांधणार नाही! घर नाही विकलं तरी चालेल, पण मी पुन्हा—"

तो जिन्यावरून आवाज आला. नवव्या पायरीवर बाईसाहेब कठड्यास धरून बसल्या होत्या. वर अजून बारा होत्या.

"बोलवा हो त्या हणमंताला," त्या म्हणाल्या. "आणि आधी मला हात द्या."

त्र्यंबकरावांनी दाखला खिशात कोंबिला आणि हात दिला. खरेदीखत जाहाले आणि हणमंताने पेरूखालचे भांडे उचलोन होते तेथेच बसविले, आजींचे सांगण्यावरून भिंत आणखी वीतभर पुढे घेतली, आणि दिवाळीपूर्वी गुळवणी उभयता लेकीचे गावी पोचले.

येणेप्रमाणे जाहाले वर्तमान लिहिले. तात्पर्य, एकोणीस वर्षांत ते घर कायद्यात होते ते सारे महिनाभर, आणि त्या महिनाभरात तेथे राहणारीचे जे हाल जाहाले ते कोणत्याही दाखल्यावर नाहीत, म्हणोन येथे नोंदविले.