केरोपंत सशाचं मौन

एका जंगलात, बाळांनो, प्रत्येक कोठाराला परवलीचा शब्द होता. तो उच्चारला की दारावरची शिळा सरकायची. शब्द कुणाला सांगायचा नाही, एवढं सगळ्यांना पाठ होतं. ते पाठ करून घ्यायचे केरोपंत ससे. जंगलातले सर्वांत शहाणे.

एका सकाळी त्यांच्या बिळाशी मैना आली.

"सिंहमहाराजांच्या कचेरीतून आलेय. तुमचं कोठार दुपारी बंद होणार. चालू ठेवायचं तर शब्द सांगा. लवकर!"

केरोपंत घाबरले. घाबरून त्यांनी शब्द सांगितला. दुपारी कोठारात एकही कंद उरला नाही. उन्हाळा तर अजून सुरूही व्हायचा होता.

"अहो, शेजाऱ्यांना सावध करा," उमाबाई ससीण म्हणाल्या.

"मी? लोक काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी साळिंदर धापा टाकत आलं. "पंत, मैना आली होती. शब्द मागतेय. देऊ का हो?"

केरोपंतांच्या अगदी ओठांवर 'नको' आलं. नको म्हणावं, तर हे विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक?

"विवेकानं वागावं," ते म्हणाले.

साळिंदर विवेकानं वागलं आणि रिकामं झालं. तेही कुणाला बोललं नाही. आठवड्याभरात अकरा कोठारं साफ झाली. जंगलात कमालीची शांतता होती.

मग पाळी आली गोदाक्का खारीची. तिला अक्षरओळख नव्हती आणि अब्रूची फारशी सवयही नव्हती. ती सरळ सागाच्या शेंड्यावर चढली.

"अगं बाई, मी फसले! मैनेला शब्द सांगितला आणि माझे सगळे दाणे गेले! ती कचेरीची नाही गं! कुणी सांगू नका तिला!"

त्या दिवसापासून मैनेला कुणी शब्द सांगितला नाही. कोल्ह्यांनी तिला कामावरून काढलं. हो, ती कोल्ह्यांकडे कामाला होती.

जंगलभर सगळे गोदाक्काला हसले. सर्वांत मोठ्यानं ते अकरा जण हसले.

महाराजांनी सावधानता समिती नेमली. कधीही न फसलेले म्हणून केरोपंत अध्यक्ष झाले. पहिल्याच भाषणात त्यांनी सांगितलं, "गोदाक्कांसारखा भोळेपणा करू नका." टाळ्या पडल्या. उमाबाई सभेला नव्हत्या. त्या नदीपलीकडे कंद उकरायला गेल्या होत्या.

तात्पर्य: फसलात तर गप्प बसावं. म्हणजे शेजारीही फसतात आणि मूर्खांत आपण एकटे पडत नाही.