चौकोनांतली नवरी

मुलगी पाहायला गेल्यावर तिला "चालून दाखव" म्हणणाऱ्यांची मला चीड येते! ती काय बाजारातली गाय आहे? म्हणून वांकिडीला रंजीताला पाहायला निघताना मी आईला बजावलं, "माय, तिले कोणी चालवाचं नाई! नवरी चालीन ते माह्या लॅपटॉपवर!"

प्रोग्रामिंग मी एकट्यानं शिकलोय, कोण्या क्लासवाल्याचे उपकार नाहीत! पडद्यावर चौकोनांची जाळी. त्यातले बरेचसे पांढरे केले की आमचं भीमपूरचं कपाशीचं शेत! त्यातून लाल चौकोनांची नवरी एकेक घर पुढं सरकायची. पाहता पाहता हातातला चहा गार व्हायचा. वाटायचं, तिचा पदर बोंडांना घासत चाललाय, आणि ही वाट संपूच नये.

बसमध्ये तिला हिरव्या बांगड्या चढवल्या. त्या नादात, नवरी पुढं सरकली की मागची जागा पुसणारी प्रोग्राममधली ओळ उडाली, हे कळलं ते थेट बैठकीत!

"पाहा मामा, ही तुमची पोरगी. हे आमचं घर."

नवरी निघाली. पावलागणिक मागं एक नवरी उरू लागली. शेतभर नवऱ्याच नवऱ्या, जशी लग्नाची पंगत!

रंजीताचे वडील लक्ष्मणराव ताठ झाले. "माह्या पोरीले इतक्या सवती?"

"नाई मामा! ह्या सगळ्या रंजीताच!"

"मंग आमी लगन किती डाव लावाचं?"

घामाघूम होऊन मी पुसायची ओळ घातली. सगळ्या लाल बाया गेल्या. आमच्या दारात पोचलेलीसुद्धा!

"अगं माय! उंबऱ्यात आली अन् सून गेली!" आई किंचाळली.

"उठा!" लक्ष्मणराव गरजले. "जिथं पोट्टी गायब होते, त्या घरी मी देत नाई!"

"बाबा, थांबा जरा." रंजीता आतून आली. कॉलेजात ती हेच शिकून राहिली होती. लॅपटॉप तिनं मांडीवर घेतला. लाल नवरी स्वतःच्या अंगणात उभी केली. आमच्या दारात एक निळा चौकोन.

"हे तुमी," ती म्हणाली. "आता चालून दाखवा!"

निळा चौकोन निघाला. मागं काही न सांडता, पांढऱ्या शेतातून, सावकाश. काय सुरेख चालत होतो मी! गालावर हात ठेवून बघतच बसलो. तो तिच्या अंगणात पोचला आणि तिच्या शेजारी थांबला.

"अन् परत कवा निघते हा?" आईनं विचारलं.

"परतीची ओळ लिवलीच नाई, मावशी."

लक्ष्मणराव पोट धरून हसले. "जमलं!"

हे मी वांकिडीत, सासऱ्यांच्या ओसरीवर बसून लिहितोय. समोर कापूस फुटलाय. आईचा रोज फोन येतो, "काऊन रे, ते ओळ लिवली का तिनं?"

आता तिला कसं सांगू, ती ओळ मलाही लिहिता येते!