बंडूतात्यांचा पंप आणि काकींचं माहेर

शाहूपुरीतले आमचे शेजारी बंडूतात्या गाडीचं दुखणं चवीवरून ओळखत. डिझेलचं बोट जिभेला लावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "पंप गेला की."

टाकीतलं डिझेल ओढणारा हा पंप ते स्वतःच बदलत. मिस्त्रीला आपल्या पिकअपच्या सावलीतही उभं करत नसत. "आपल्या लेकराचं नाक परक्याकडनं पुसून घेतासा व्हय?"

पंप दोन. एक गाडीत, दुसरा फडक्यात गुंडाळून पलंगाखाली. हा काढायचा, तो बसवायचा. तात्या पाना घेऊन दारात आले की बोल्ट आपणहून ढिले होत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पंप बिघडायचा मुहूर्त मात्र ठरलेला. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, माहेरी जायला पिशवी भरली की तो गेलाच. माहेर गडमुडशिंगीला, इथं फोडणी दिली तर तिथं ठसका लागावा, एवढं लांब. एस्टीनं जाते म्हणाल्या, की तात्यांना काकींच्या कमरेची काळजी. धक्के फार बसत्यात म्हणे.

पंप बदलला की नळीत हवा धरते. एकानं इंजिनाजवळचा छोटा हातपंप मारायचा, दुसऱ्यानं स्क्रू ढिला करून बुडबुडे बघायचे. काकी पदर खोचून पंप मारत, तात्या बुडबुडे बघत. बुडबुडे संपेपर्यंत दिवस मावळायचा आणि पिशवी परत खुंटीला.

एकदा मी पलंगाखालचा 'गेलेला' पंप गुपचूप मिस्त्रीला दाखवला. तो म्हणाला, हा तुमच्या नातवालाही पुरेल. मी काकींना सांगितलं.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या.

पण एका वर्षी त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. आठ दिवसांसाठी म्हणून काकी सरळ एस्टीत बसल्या.

दोन दिवस तात्या चहात मीठ घालून पीत होते आणि चव बरी आहे म्हणत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, चल, गूळ पोचवायचाय. गाडीत गुळाचा खडा नव्हता. माझ्या मांडीवर मात्र फडक्यातला पंप ठेवलेला.

गाडी गुणगुणत निघाली ती मेव्हण्याच्या दारात थांबली. तात्यांनी बॉनेट उघडलं, बोट जिभेला लावलं.

"पंप गेला की," ते हळूच म्हणाले.

तासाभरात पंप बदलून झाला. काकी आईला औषध देऊन बाहेर आल्या, पदर खोचला, हातपंपाला हात घातला.

"सावकाश काढा हवा," त्या म्हणाल्या. "अजून पाच दिस हाय मी हितं."

मी एस्टीनं परत आलो. धक्के अजिबात बसले नाहीत.